शरणपूर रोडवरून हल्याळला

नाशिकला नोकरी लागल्यापासून मी शरणपूर रोडवरून ड्युटीला जाते. सहा वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं तो माझ्यासाठी नुसता रस्ता होता. सिग्नल, गर्दी, उशीर होतोय म्हणून रिक्षावाल्याला केलेली घाई. शरणपूर हे नाव कुठून आलं असेल, हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही.

तो आणला एका पेशंटने. निवृत्त शिक्षक होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. मी सलाईनची बाटली बदलत होते तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या बॅजकडे गेलं. बॅजवर माझं आडनाव आहे, सिद्दी.

"सिस्टर, तुम्ही मूळच्या शरणपूरच्या का?"

"नाही सर. हल्याळची. कारवार जिल्हा."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. दीडशे वर्षांपूर्वी तुमची माणसं इथे राहात होती. लहान लहान पोरं."

तुमची माणसं. नाशिकमध्ये हे शब्द मला कुणी कधी म्हटले नव्हते. इथे मला रोज विचारलं जातं ते, "तुम्ही कुठल्या देशाच्या?" किंवा "मराठी कधी शिकलात?" मी सांगते की माझी शाळा मराठी माध्यमाची, बाराखडी मी मराठीत गिरवली. तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य जात नाही. सिन्नरच्या एका आजींनी तर माझा हात हातात घेऊन तळवा उलटा करून पाहिला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तो स्पर्श मी विसरलेले नाही.

सरांना डिस्चार्ज मिळेपर्यंत मी रोज ड्युटी संपली की दहा मिनिटं त्यांच्या खाटेजवळ थांबायचे. त्यांनी जे सांगितलं ते पुढे मी स्वतः वाचत गेले.

१८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबतं अरबस्तानाकडे जायची. इंग्रजांच्या आरमाराने अशी गलबतं पकडली की त्यातल्या मुलांचं करायचं काय हा प्रश्न उभा राहायचा, कारण त्यांना घरी पोचवायला घर कुठलं हेच कुणाला कळत नसे. त्यातली बरीच मुलं मुंबईच्या बंदरात उतरवली गेली आणि काहींना शरणपूरला आणलं. इथे त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवलं, आणि नवी नावं दिली.

या नावांपाशी मी अडकले. जेकब, विल्यम, जॉर्ज. आईने हाक मारलेलं नाव समुद्रात गेलं आणि बंदरावर दुसरं मिळालं.

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो. मी जंजिरा पाहिला आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने गेले, दरवाज्यावरचं ते दगडी जनावर पाहिलं, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेलं. तिथले सिद्दी दर्यावर्दी होते, पुढे राज्यकर्ते झाले. आमची गोष्ट वेगळी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोल्याकडचे आम्ही सिद्दी म्हणजे बहुतांशी गोव्यातून घाटावर पळून आलेल्या गुलामांची लेकरं. पोर्तुगीज मोझांबिकहून माणसं आणून गोव्यात विकायचे. १७५२ सालापर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चालायचा, त्यामुळे जहाजांची ये-जा कायमची. ज्यांना संधी मिळाली ते निसटले, घाट चढले आणि काळी नदीच्या जंगलात शिरले. तिथे मालक नव्हता, वाघ होते. त्यांनी वाघ पत्करले. पुढच्या पिढ्या तिथेच लाकूडतोड, मध गोळा करणं, दुसऱ्यांच्या शेतात मजुरी यावर जगल्या. आमच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आमच्यासारखे ख्रिस्ती आहेत. २००३ मध्ये आम्हाला अनुसूचित जमातीत घेतलं. त्या दाखल्यामुळेच मी नर्सिंग करू शकले.

किल्ल्यांचा अभिमान वाटणाऱ्यांना तो खुशाल वाटू दे. मला त्या पळून आलेल्या बायकांचा वाटतो. कडेवर पोर, अंगावर असतील नसतील ते कपडे, आणि समोर कधीच न पाहिलेला घाट.

लहानपणी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा आफ्रिका ही आमच्यासाठी शिवी होती. शाळेत पोरं मला 'खाप्री' म्हणायची. हा शब्द गोव्याकडून आलेला. अरबीतला काफिर, त्याचा पोर्तुगीजांनी केला काफ्रे, त्याचा कोकणीत झाला खाप्री. गोव्याच्या हॉटेलांत हिरव्या मसाल्यातली चिकन कॅफ्रिअल मिळते ना, तिचंही नाव त्याच शब्दावरून, कारण ती मोझांबिकहून आली. पणजीला पहिल्यांदा मेनूकार्डवर ते नाव वाचलं तेव्हा मी बराच वेळ ऑर्डर देऊ शकले नाही. शेवटी तीच मागवली. मिरची, कोथिंबीर, आलं-लसूण आणि लिंबाचा आंबटपणा. चव ओळखीची वाटावी अशी माझी फार इच्छा होती. वाटली नाही. पण खाताना रडू आलं हे खरं.

शरणपूरच्या मुलांपैकी एकाची गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती वाचल्यापासून मी त्या रस्त्याने पूर्वीसारखी जाऊ शकलेले नाही. त्याचं नाव जेकब वेनराइट. तो पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला, तिथून सुटका झाली आणि शरणपूरला शिकायला आला. १८७२ मध्ये, तेव्हा तो जेमतेम विशीत असेल, आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला पाठवलेल्या माणसांत तो होता. या शरणपूरच्या मुलांना तिकडे 'नासिक बॉइज' म्हणत. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी ठरवलं की याला इथे पुरून जायचं नाही, याच्या माणसांकडे पोचवायचं.

मी नर्स आहे. वॉर्डात माणूस गेला की त्याची शेवटची तयारी आम्ही करतो. डोळे मिटवणं, जबडा बांधणं, नळ्या काढणं, अंग पुसणं, घड्याळ-अंगठी-चष्म्याची यादी करून नातेवाइकांची सही घेणं. म्हणून पुढचं वाचताना मला प्रत्येक गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. त्यांनी काळीज आणि आतले अवयव काढून झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली. देहाला मीठ लावून दोन आठवडे उन्हात सुकवला. मग मांजरपाटात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळीत ठेवला आणि वरून शिडाचं कापड शिवलं. त्याच्या सामानाची यादी केली, तीही जेकबने. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली. मग सगळ्यांनी मिळून तो देह हजार मैलांहून जास्त अंतर खांद्यावर वाहून १८७४ च्या फेब्रुवारीत आजच्या टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्याला आणला. जेकब पुढे जहाजाने इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत तो उभा होता.

ज्याचं स्वतःचं गाव हिरावून घेतलं, त्याने दुसऱ्याच्या देहाला त्याच्या गावी पोचवलं. ते लिहिणं, ती यादी करणं तो नाशिकमध्ये शिकला होता. मी चार वर्षं ज्या रस्त्यावरून गेले त्याच्या आसपास कुठेतरी.

त्याच सुमाराला, १८७४-७५ मध्ये, मोंबासाजवळ फ्रिअर टाउन नावाची वस्ती झाली. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर, त्याच्या नावाची. शरणपूरची मुलं, जी आता मोठी झाली होती, बायकापोरांसह तिथे पाठवली गेली. परत आफ्रिकेला. आणि तिथे त्यांना काय म्हणू लागले? 'बॉम्बे आफ्रिकन'. हे मी रात्रपाळीत मोबाइलवर वाचलं आणि फोन पालथा ठेवला. इथे आम्ही आफ्रिकेचे, आणि जे आफ्रिकेला परत गेले ते तिथे मुंबईचे.

या सगळ्यानंतर आपलं मूळ शोधायचंच असं मी ठरवलं. एक सहकारी म्हणाली, थुंकीची डीएनए तपासणी करून घे, हल्ली किट मिळतं. त्याची मला गरज वाटली नाही. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्द्यांवर केलेला अभ्यास २०११ मध्येच प्रसिद्ध झालाय, आणि आमच्या रक्ताचा मोठा भाग बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समाजांशी जुळतो हे त्यात आहे. पण त्यातून गाव मिळत नाही, आणि मला गाव हवं होतं. निदान एखादं नाव.

खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीवर गेले तेही याच ओढीने. इथिओपियात जन्मलेला, कितीदा विकला गेलेला, निजामशाहीचा कारभार हाती आलेला, खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवून तिथे पाणी खेळवणारा हा माणूस १६२६ मध्ये गेला. त्याचं पहिलं नाव चापू. ते टिकलं, कारण तो मोठा झाला. मी कबरीपाशी उभी राहून हळूच 'चापू' म्हटलं. आमच्या पणज्या-खापरपणज्यांना हाक मारायला माझ्याकडे असा शब्द नाही.

खरा धक्का बसला तो रतनपूरला. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. नाशिकहून सापुतारामार्गे सुरत, तिथून अंकलेश्वर, पुढे जीप. माझी मावसबहीण बरोबर होती. बावा गोर हे आफ्रिकेतून आलेले पीर, अकीकाच्या खड्यांचा धंदा त्यांनी इथे रुजवला असं मानतात. या टेकड्यांतला अकीक खंबातला जाऊन पैलू पाडून आफ्रिकेपर्यंत विकला जायचा. त्यांची बहीण माई मिसरा, तिचीही जागा तिथे आहे आणि बायका आधी तिच्याकडे जातात. आम्ही ख्रिस्ती, पण पायरीवर चपला काढताना कुणी आम्हाला काही विचारलं नाही. तिथल्या एका सिद्दी बाईने नुसतं आमच्याकडे पाहिलं आणि गुजरातीत म्हणाली, "आवी गया?" आलात? जणू आम्ही बाजारातून परत येत होतो.

मग गोमा, म्हणजे त्यांचा ढोलावरचा नाच, सुरू झाला. मुगरमान नावाचा पायावर उभा राहणारा ढोल, करवंटीचे खुळखुळे, आणि मलुंगा. मलुंगा म्हणजे धनुष्य. त्याला भोपळा लावलेला, तार काठीने वाजवायची. असंच धनुष्य ब्राझीलमध्ये बेरिंबाउ म्हणून वाजतं, कारण तिकडेही आफ्रिकेतून माणसं नेली. आमच्याकडे हल्याळला दम्माम असतो, दोन्ही बाजूंनी कातडं मढवलेला, आणि याच नावाचा ढोल इराणच्या बुशेहरच्या किनाऱ्यावर मोहरममध्ये वाजतो. एका समुद्राच्या काठाकाठाने ही वाद्यं विखुरली आहेत. आमची भाषा त्यांना कळेना, त्यांची आम्हाला अर्धीमुर्धी. पण मुगरमानने लय धरली तेव्हा माझ्या मावसबहिणीचे पाय आपोआप तसे पडले जसे ते आमच्या वाडीत सणाला पडतात. तिला कुणी शिकवलं नाही. मी व्हिडिओ काढत होते, माझा हात थरथरत होता आणि तो व्हिडिओही तसाच हललेला आहे.

तोच व्हिडिओ सहा महिन्यांनी कामाला आला. डेंग्यू झालेली एक टांझानियाची मुलगी आमच्या वॉर्डात होती, इथे फार्मसी शिकणारी. प्लेटलेट्स खाली, घरची माणसं समुद्रापलीकडे, रात्री झोप नाही. तिचं मन रमावं म्हणून मी तिला मोबाइल दाखवला. तिने पाच सेकंद पाहिलं आणि उठून बसली. "न्गोमा!"

मी म्हटलं, हे लोक याला गोमा म्हणतात.

ती म्हणाली, न्गोमाच ते. आमच्याकडे ढोलाला न्गोमा, नाचाला न्गोमा, आणि सगळे जमून नाचतात त्या अख्ख्या रात्रीलाही न्गोमा.

भरूचजवळच्या टेकडीवर एक शब्द कितीतरी शतकं तसाच राहिला. नुसता पुढचा न गळला. ज्यांनी तो जपला त्यांना त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. मी त्या मुलीच्या खाटेच्या कडेवर बसले, जे आम्हा नर्सेसना चालत नाही, आणि तिला आमच्या वाडीचं, गोव्याचं, खाप्रीचं सगळं सांगितलं. शेवटी तिने माझ्या आज्जीबद्दल विचारलं. आज्जी काय करते? मी म्हटलं, कवंदी शिवते.

कवंदी म्हणजे आमची गोधडी. पण तुमच्या वाकळीसारखी सरळ रेघांनी शिवलेली नसते. घरातल्यांचे फाटके कपडे जमवायचे, लुगडं खाली अंथरायचं आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तुकडे जोडत, कडेकडेने टाके घालत चौफेर फिरायचं, आत आत जायचं, आणि शेवटचा टाका बरोबर मध्यावर पडतो. चारी कोपऱ्यांना तिकोनी घड्या घातलेले कापडाचे तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. मी एकदा घाईने फुलं न लावता शिवायला बसले तर आज्जीने टाके उसवायला लावले होते. "फुलं न्हाईत तर कवंदी नागडी गं. असं कुणाला पांघरायला देतात होय?"

बरी होऊन गेल्यावर ती मुलगी सुट्टीत घरी गेली. परत आली तेव्हा माझ्यासाठी तिच्या आईने दिलेला कांगा घेऊन आली. कांगा म्हणजे तिकडच्या बायका नेसतात-पांघरतात ते छापील सुती कापड, भोवती रुंद काठ आणि मध्ये नक्षी. प्रत्येक कांग्यावर खाली एक ओळ छापलेली असते. त्या ओळीला स्वाहिलीत जिना म्हणतात. जिना म्हणजे नाव. पूर्वी यातले कितीतरी कांगे मुंबईच्या गिरण्यांत छापून तिकडे जायचे. माझ्या कांग्यावरची ओळ अशी आहे: सिसी सोते अबिरिया, देरेवा नी मुंगू. आपण सगळे प्रवासी, गाडी चालवणारा देव.

तो कांगा मी महिनाभर कपाटात ठेवला. घडीसुद्धा मोडली नाही. नाताळाला घरी जाताना बरोबर घेतला, आज्जीला दाखवायला.

आज्जी ओसरीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात धाकट्या भावाच्या बाळासाठी घेतलेली अर्धी कवंदी. तिने कांगा हातात घेतला, दोन बोटांत चुरगाळला, नाकाला लावला.

"सुती हाय. कुठनं आणलीस?"

"आपण जिथून आलो म्हणतात ना आज्जी, तिथलं आहे."

ती काही बोलली नाही. कापड उन्हाला धरून लाल-पिवळी नक्षी पाहिली. मग कात्री उचलली. माझ्या तोंडून "अगं नको" निघालं. माझ्याकडे आफ्रिकेची वस्तू म्हणून होती ती तेवढीच.

"ठेवून काय करतीस? कपाटाला थंडी वाजाय लागलीय?" असं म्हणत तिने काठाचे चार चौकोन कापले सुद्धा. घड्या घातल्या, चार फुलं झाली. एक भावाच्या जुन्या शर्टाशेजारी, एक माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या निळ्या एप्रनशेजारी. मी सुईत दोरा ओवून देत राहिले. सुई आता तिला दिसत नाही, टाके मात्र अजून सारखे पडतात.

शेवटी ती अक्षरांची पट्टी उरली. तिने विचारलं, "हे काय लिवलंय?"

मी ओळ वाचून दाखवली. मग अर्थ सांगितला. तिने 'मुंगू' दोनदा म्हणून पाहिलं, सुपारी जिभेवर फिरवावी तसं.

"म्हंजे देवाचं नाव हाय की हे. मग पायाकडं नको. डोक्याकडं लाव."